यवतमाळात कालवलेला समुद्र

यवतमाळ शहराच्या मधोमध उभे राहून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली तर अरबी समुद्र साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक लांब पडतो. तोंड फिरवून आग्नेयेकडे रेघ ओढली तर बंगालचा उपसागरही जवळजवळ तितकाच लांब. दोन्ही समुद्रांनी ज्याच्याकडे सारखीच पाठ फिरवली असे हे गाव. कापूस पिकवावा, ज्वारीची भाकरी खावी आणि समुद्र पाहायचा तो मुंबईच्या सहलीत, चौपाटीवर भेळ खाताना, ही इथल्या मध्यमवर्गीय कुटुंबांची कितीएक वर्षांची रीत. त्या सहलीत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय हे ठरलेले ठिकाण असे. काचेपलीकडचे रंगीत मासे पाहून मुलांनी "असा एक आपल्या घरी नेऊ या" म्हणून हट्ट धरावा, आणि वडिलांनी "अरे, त्याला समुद्र लागतो!" म्हणून तो मोडून काढावा, हेही ठरलेलेच.

आता तो हट्ट मोडणे वडिलांना कठीण जाते. कारण समुद्र पिशवीत मिळू लागला आहे. कृत्रिम समुद्री मिठाची पिशवी घरबसल्या मागवावी, पाण्यात कालवावी, की समुद्र तयार! ऐकताना पाकिटातल्या सरबताची आठवण होते. प्रकार तितका सोपा नाही, पण लोक घाबरतात तितका अवघडही नाही. ज्यांनी गोड्या पाण्याची काचपेटी वर्ष-दोन वर्षे नीट सांभाळली आहे त्यांना तो साधण्याजोगा आहे. मात्र अवघड भाग मिठाचा नसून पाण्याचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. यवतमाळ जिल्ह्यात तर विशेषच.

परंतु आधी मिठाची गोष्ट, कारण पहिली चूक तिथेच होते.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. आपल्या आमटीत मीठ असते त्याच्या तिपटीहून अधिक. या ३५ ग्रॅमांपैकी १९ ग्रॅमांवर क्लोराइड आणि पावणेअकरा ग्रॅमांच्या आसपास सोडियम; म्हणजे हे दोन मिळून झाले आपले साधे मीठ. उरलेल्या पाचेक ग्रॅमांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर पुष्कळ द्रव्ये चिमूट-चिमूट. ब्रिटिश जहाज 'चॅलेंजर' हे १८७२ ते १८७६ पर्यंत जगातले समुद्र पालथे घालीत हिंडले. त्या प्रवासात गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांची विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासणी केली, ती १८८४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून दिसले ते असे की, महासागर कुठलाही असो, पाणी कुठे अधिक खारट, कुठे कमी; परंतु या क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ तेच. समुद्रातला जीव पिढ्यान्‌पिढ्या या एकाच मापाच्या मिश्रणात वाढलेला असतो. गोड्या पाण्यातल्या माशाला चार ओढे, दहा तळी आणि शंभर पावसाळे ठाऊक असतात; समुद्राच्या माशाला असा बदल सोसायची सवय नसते.

म्हणून स्वयंपाकघरातले मीठ पाण्यात टाकून भागत नाही. त्यात सोडियम आणि क्लोराइड आहे, वर आयोडीन व मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली पूड आहे. मॅग्नेशियम-कॅल्शियमचा मात्र पत्ता नाही. "मग खडेमीठ घ्यावे, ते तर समुद्राचेच!" असे हुशार वाचक म्हणतील. प्रश्न रास्त आहे, परंतु मिठागरात काय घडते ते पाहिले म्हणजे उत्तर मिळते. उन्हाने पाणी आटू लागले की आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्समचा. त्यानंतर मिठाचे खडे धरू लागतात. ते धरले की वर उरलेले कडवट पाणी मिठागरवाला वेगळे काढून टाकतो, कारण ते राहिले तर मीठ कडू होते. त्या कडवट पाण्यातच मॅग्नेशियम आणि पोटॅशियम निघून जाते. म्हणजे खडेमीठ हा समुद्राचा एक भाग झाला. पुन्हा पाण्यात विरघळवून त्याचा समुद्र होत नाही. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटते ते त्यात चुकून राहिलेल्या मॅग्नेशियममुळे. तेवढीच काय ती समुद्राची खूण.

हे खडेमीठ या जिल्ह्यात एके काळी बैलांच्या पाठीवरून आले. 'लमाण' हा शब्दच 'लवणा'वरून आला असे मानतात. किनाऱ्यावरचे मीठ आत आणायचे आणि आतले धान्य-कापूस बाहेर न्यायचे, हा त्या समाजाचा जुना व्यवसाय. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूला आजही त्यांचे तांडे आहेत. १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातले. समुद्र न पाहिलेल्या गावांना समुद्राची चव त्यांनी पोहोचवली.

आणि १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा वऱ्हाडापुढे नेमका आपलाच प्रश्न उभा राहिला होता: समुद्र कोठून आणावा? अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून लोकांनी कायदा मोडला. यवतमाळकडे तीही सोय नव्हती, म्हणून बापूजी अण्यांनी १० जुलै रोजी पुसदला जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. मीठ नाही तर गवत! असो.

दहीहंड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचा पूर्णेचा खारपाणपट्टा आपल्याला फारसा लांब नाही. "तिथल्या विहिरीचे पाणी ड्रमभर आणले तर?" असा विचार कोणाच्याही मनात यावा. पण खारट असणे निराळे आणि समुद्र असणे निराळे. हरियाणात रोहतककडे जमिनीखालचे पाणी असेच खारट आहे आणि त्या वाया गेलेल्या पाण्यात कोळंबी वाढवण्याचे प्रयोग मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या तिथल्या केंद्राने केले. त्या पाण्यात खारटपणा पुरेसा, तरीही कोळंबी तगेना. कारण पोटॅशियम फार कमी. शेतात खत म्हणून घालतात ते पोटॅश मापाने घातले तेव्हा कोळंबी जगू लागली. लोणारचे सरोवर तर त्याहून निराळे. तेही खारट, परंतु ते पाणी सोड्याचे. त्यात मासा जगत नाही. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले तेव्हा सर्व देशाने त्याची छायाचित्रे पाहिली. तो रंग अतिखारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता.

तेव्हा क्षारांचे मिश्रण तयारच आणावे हे बरे. घरी कृत्रिम समुद्र कालवण्याचा उद्योग फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गप्रेमी गृहस्थाने केला, त्याची कृती १८५४ साली प्रसिद्ध झाली. लंडनला समुद्राचे पाणी पिंपांतून वाहून नेणे महाग पडे, म्हणून त्याने साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार पाण्यात मिसळले, आधी त्यात समुद्रशैवाल ठेवले आणि मगच प्राणी सोडले. आजच्या पिशवीत चारांऐवजी डझनावारी द्रव्ये असतात, परंतु कल्पना त्याचीच. आधी पाणी, मग वनस्पती, मग जीव हा त्याचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता पाण्याकडे येऊ.

यवतमाळ जिल्ह्यात बोअरचे पाणी वापरून समुद्र कालवणे म्हणजे काय घालतो आहोत हे न पाहता घालणे. काळ्या कातळातून येणारे पाणी बहुधा जड असते. वणी-झरीकडे तर खाली चुनखडीच आहे. गंमत अशी की ती चुनखडीही समुद्राच्याच तळाची: भूवैज्ञानिक ज्याला पैनगंगा नदीच्या नावाने 'पैनगंगा गट' म्हणतात ते हे खडक, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात बसलेले. आज त्याचा सिमेंट आणि चुना होतो. असल्या जड पाण्यात मिठाची पिशवी ओतली की आधीचा चुना आणि पिशवीतला चुना यांचे मिळून प्रमाण बिघडते, पाणी दुधाळ होते आणि तळाशी पांढरा साका बसतो. शिवाय पुष्कळ विहिरींत खताचा नायट्रेट उतरलेला असतो. त्यावर शेवाळ असे माजते की काच दिसेनाशी होते.

फ्लोराइडचे काय, हा प्रश्न इथे कोणीही विचारील. पांढरकवडा, झरी, मारेगाव या भागांतल्या कित्येक गावांत विहिरींचे फ्लोराइड माणसांचे दात आणि हाडे खराब करीत आले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलेली आहे. आणि समुद्राच्या पाण्यात ते निसर्गतःच सुमारे १.३ मिलिग्रॅम असते! म्हणजे ज्या द्रव्याने आपल्या गावांत लहान मुलांचे दात तपकिरी होतात, ते तेवढ्या प्रमाणात समुद्रातल्या माशाच्या रोजच्या वहिवाटीतले. माशासाठी काळजी करायची ती जडपणाची, नायट्रेटची आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची. माणसांसाठी काळजी करायची ती मात्र फ्लोराइडचीच. काचपेटीच्या नादात ती विसरू नये.

यावर दुकानदार एक उपाय सांगतात: आरओचे पाणी घ्या. पाणी उत्तम मिळते यात शंका नाही. पण घरातले आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर फेकते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी बेताची पेटी धरली तर तिचे माप होते १९१ लिटर. वरची मोकळी जागा, वाळू आणि दगड वजा जाता पाणी मावते सुमारे १५० लिटर. त्यासाठी तीनशे ते साडेचारशे लिटर पाणी वाया. घरच्या गृहिणीने इथे कमरेवर हात ठेवून विचारले, "आणि हे कुठल्या नळाला येणार आहे?" तर तिचे चुकत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही यवतमाळची धरणे आटली होती आणि शहर टँकरच्या रांगेत उभे होते. त्या गावात माशांसाठी साडेचारशे लिटर पाणी मोरीत सोडणे हे कोणत्याही शास्त्राने समर्थनीय ठरत नाही.

म्हणून माझे मत असे की, या जिल्ह्यात समुद्र कालवायचा तो पावसाच्या पाण्यात. पाऊस म्हणजे काय? सूर्याने समुद्रातून उचललेले आणि मीठ खालीच ठेवून आणलेले पाणी. दोन्ही समुद्र आपल्यापासून साडेपाचशे किलोमीटर दूर खरे, पण दर जून महिन्यात ते स्वतःच यवतमाळला येतात. येताना फक्त मीठ तेवढे घरी ठेवून येतात. ते आपण पिशवीतून परत घालायचे, एवढाच व्यवहार. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि इथे वर्षाकाठी पडतो तो नऊशे मिलिमीटरांच्या आसपास. पहिले दोन-चार पाऊस जाऊ द्यावेत, गच्ची धुऊन निघू द्यावी, मग भर पावसात घ्यावे. पत्र्याच्या छपराचे पाणी नको. पत्र्याचे जस्त त्यात उतरते. घेतलेले पाणी स्वच्छ फडक्यातून आणि कोळशाच्या फिल्टरमधून गाळून झाकून ठेवावे. यंदा साठवले नसेल तर आरओवाचून गत्यंतर नाही, पण ते तरी दिवाळीनंतर धरणे भरलेली असताना, थोडे थोडे रोज, आणि फेकलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला व संडासात वापरून. मार्च-एप्रिलमध्ये हा उद्योग सुरू करू नये.

काळ म्हणूनही दिवाळीनंतरचा बरा. समुद्राच्या माशाला २५ ते २७ अंश उष्णता मानवते आणि तेवढी घरात या दिवसांत सहज असते. पुढे जानेवारीच्या रात्री हीटर लागेल.

साठवणीचा आणि कालवण्याचा ड्रम अन्नपदार्थांसाठी वापरतात त्या प्लॅस्टिकचा घ्यावा. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. कापसाच्या मुलखात हे दोनदा सांगितले तरी जास्त नाही. तांब्या-पितळेचे भांडे, घंगाळ, पळी यांपैकी काहीही या पाण्याला लावू नये. तांब्याचा अंश माशाला एक वेळ सोसेल, कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही.

ड्रममध्ये आधी पाणी घ्यायचे आणि मीठ पाण्यात घालायचे. मिठावर पाणी ओतायचे नाही. उलटे केले तर तळाशी क्षणभर इतके तीव्र द्रावण होते की त्यातला चुना साक्याच्या रूपाने खाली बसतो आणि मग काही केल्या विरघळत नाही. बेसनाच्या गुठळ्या आणि या गुठळ्या यांत फरक इतकाच की या मोडता येत नाहीत. पाण्यात लहान पंप सोडून ते फिरते ठेवावे आणि मीठ ओंजळ-ओंजळ घालावे. पिशवीतल्या मिठात थोडी ओल धरलेली असते, म्हणून लिटरला ३५ ऐवजी ३६ ते ३८ ग्रॅम लागते. आपल्या १५० लिटरांना साडेपाच किलोच्या आसपास. पण ते सगळे एकदम घालू नये. पाच किलो घालून थांबावे. पाणी आधी ढगाळ दिसते; काही तासांत निवळते. पंप पूर्ण एक दिवस आणि एक रात्र चालू द्यावा. मीठ दिसेनासे झाले म्हणजे काम झाले असे नव्हे. हवेतला प्राणवायू आणि कर्बवायू पाण्यात बसायला वेळ लागतो, तो बसला की पाण्याचा अल्कलीपणा ८.१ ते ८.३ च्या आसपास स्थिरावतो. ताजे कालवलेले पाणी माशाच्या कल्ल्यांना झोंबते. पहिल्या वेळी पेटी रिकामी असल्याने पेटीतच कालवले तरी चालते; पुढे कधीही, आत एक जीव असला तरी, मीठ पेटीत टाकू नये. ड्रममध्येच.

दुसऱ्या दिवशी मापावे. अंडे तरंगते का हे पाहण्याची जुनी युक्ती इथे उपयोगाची नाही. ताजे अंडे समुद्राच्या पाण्यातही बुडते. ते तरंगेपर्यंत मीठ घातले तर पाणी समुद्राच्या सुमारे तिप्पट खारट होईल. स्वस्त साधन म्हणजे हायड्रोमीटर, आणि त्याहून चांगले रिफ्रॅक्टोमीटर. यात एका थेंबावर दुर्बिणीसारखे पाहून आकडा वाचता येतो. हायड्रोमीटरवर सारख्या उष्णतेच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत १.०२५ ते १.०२६ यावे, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमांच्या जवळ. पण हायड्रोमीटर उष्णतेने फसवतो आणि विदर्भात ते फसवणे साधे नाही. पाणी तापले की पसरते, हलके होते. २५ अंशांवरचे नीट ३५ ग्रॅमांचे पाणी ३५ अंशांवर मोजले तर आकडा तीन सहस्रांशांनी खाली दिसतो. तुम्ही समजता मीठ कमी पडले, आणि लिटरमागे चार ग्रॅम उगाच वाढवून बसता. म्हणून सकाळी, पाणी थंड असताना मोजावे.

कमी-जास्त झाले तर घाबरू नये. हिशेब तिसरीतल्या मुलाचा आहे. ३३ आले आणि ३५ हवे, तर दोन ग्रॅम गुणिले १५० लिटर, म्हणजे ३०० ग्रॅम मीठ वेगळ्या बादलीत कालवून ओतावे. ३८ आले तर सुमारे १२ लिटर पाणी काढून तितकेच गोडे पाणी घालावे. पेटीत जीव असताना असली दुरुस्ती एका दिवसात नव्हे, तीन-चार दिवसांत करावी.

यानंतर येतो तो वैशाख. यवतमाळात पारा ४४-४५ वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. पेटीचा वरचा पृष्ठभाग साडेचार चौरस फूट. एक सेंटिमीटर पाणी उडाले तर चार लिटरांवर गेले. आणि गेले ते फक्त पाणी. मीठ जागच्या जागी. ३५ चे ३६ झाले. आठ दिवस लक्ष दिले नाही तर काय होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. "पाणी कमी झाले, खारे पाणी घाला" हा सर्वांत घरोघरचा घोटाळा आहे. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची. काचेवर पाण्याच्या मूळ उंचीची खूण करून ठेवावी आणि रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तिथपर्यंत पाणी घालावे. पाण्यावर एक छोटा पंखा लावला तर आपल्या कूलरच्याच न्यायाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, आणि कोरड्या हवेत हा उपाय नागपूर-यवतमाळकडे मुंबईपेक्षा उत्तम चालतो. मात्र तितके पाणीही अधिक उडते. उन्हाळ्यासाठी पावसाचे पाणी बाजूला ठेवायचे ते याकरिता. वीज जाण्याचीही तयारी हवी: ३० अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यापेक्षा एक मिलिग्रॅमहून अधिक कमी. पंप थांबला की मासे तासा-दोन तासांत वर येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दोनशे-तीनशे रुपयांपासून मिळतो. तो आधी घ्यावा, रंगीत दिवे मग. (आणि दिवाळीच्या चार दिवसांत या पंपाचे तोंड खिडकीपासून दूर ठेवावे, फटाक्यांचा धूर तो थेट पाण्यात ओढतो.)

दर पंधरवड्याला १५-२० लिटर पाणी बदलावे लागते. काढलेले खारे पाणी गटारात ओतावे. तुळशीला नको, कुंड्यांना नको, परसातल्या कढीपत्त्याला तर नकोच. आपली काळी माती सोडियमने घट्ट दगड होते आणि मग पाणी पीत नाही. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा.

पाणी तयार झाले म्हणजे मासा आणायला मोकळे झालो, असे वाटते. मुलांना तर वाटतेच. पण नव्या पाण्यात माशाची घाण पचवणारे जिवाणू नसतात. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. या दोन जाती वाळूत आणि दगडांत नीट वस्ती करीपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू द्यायचे आणि दुकानात मिळणाऱ्या तपासणी-संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेले पाहायचे. शेजारी येऊन "हे काय, नुसतेच पाणी पाळले आहे?" म्हणून थट्टा करतील. करू द्यावी. समुद्रातून पकडलेला मासा हजार-दीड हजार रुपयांना येतो आणि घाईच्या घरात आठवडाभरात मरतो. थट्टा त्यापेक्षा स्वस्त.

मासा निवडताना टाकीत पैदास केलेला मागून घ्यावा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा टाकीत वाढवण्याचे तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवले आहे आणि असे मासे बाजारात येतात. ते काचपेटीतच जन्मलेले असल्याने काचपेटीत रमतात, आणि त्यांच्यासाठी कोणाला प्रवाळाच्या खडकावर जाळे टाकावे लागत नाही. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांचा विचारही करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. दुकानदार कानात काही सांगत असला तरी.

मुंबईहून मासा येतो तो रात्रभर आगगाडीने धामणगावपर्यंत आणि तिथून मोटारीने, प्राणवायू भरलेल्या पिशवीत. दुकानांतून पुष्कळदा पाण्याचा खारटपणा मुद्दाम कमी ठेवतात, त्यामुळे पिशवीतले पाणी आणि तुमचे पाणी यांत पाच-सहा ग्रॅमांचा फरक असू शकतो. आधी पिशवीतल्या पाण्याचा एक थेंब मोजून पाहावा. पिशवी अर्धा तास पेटीत तरंगत ठेवावी म्हणजे उष्णता सारखी होईल. मग मासा पाण्यासकट एका स्वच्छ बादलीत घ्यावा आणि पेटीतून बारीक नळीने, नळीला गाठ मारून, थेंब-थेंब पाणी त्यात पडू द्यावे. अभिषेकपात्राची धार असते तितकीच. तास-दीड तासात बादलीतले पाणी तिप्पट-चौपट होते. पुन्हा मोजावे, आकडा जुळला की मासा जाळीने अलगद पेटीत सोडावा. बादलीतले पाणी पेटीत ओतू नये. त्या रात्री पेटीचा दिवा बंद ठेवावा, खाद्य घालू नये, आणि मुलांना काचेवर टकटक करू देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा दगडाच्या आडून बाहेर येतो.